सकाळी १०४, संध्याकाळी ३४२: स्टेरॉइडवर असलेल्या पेशंटची शुगर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात दम्याचा जोरदार अटॅक घेऊन ६२ वर्षांचे गृहस्थ आले. तुम्ही त्यांना प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या, रोज ४० मिलिग्रॅम, सुरू केल्या. आधी मधुमेह नव्हता. तिसऱ्या दिवशी उपाशीपोटी शुगर पाहिली, १०४ आली, आणि तुम्ही निश्चिंत झालात. दम पुरता बसला नाही म्हणून गोळ्या पुढे चालू ठेवल्या. दहाव्या दिवशी संध्याकाळी ते परत आले, तोंडाला कोरड, रात्रीत पाच-सहा वेळा लघवी, पायात त्राण नाही. ग्लुकोमीटरवर ३४२. तुम्ही विचारलंय की काय चुकलं, आणि केंद्रात मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळ्या आणि बाटलीतलं इन्सुलिन एवढंच असताना हे कसं सांभाळायचं.

चुकली ती तपासणीची वेळ. शुगर तपासायचं तुम्हाला सुचलं हेच मला मोठं वाटतं, कारण बऱ्याच ठिकाणी स्टेरॉइड लिहिलं जातं आणि शुगरचा विषयही निघत नाही. पण सकाळी आठला घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा साखरेवरचा परिणाम चार ते आठ तासांनी चढू लागतो आणि बारा-सोळा तासांत ओसरतो. म्हणजे दुपारच्या जेवणानंतर शुगर उसळते, संध्याकाळभर वर राहते आणि रात्री झोपेत उतरते. पहाटे माणूस जवळपास मूळ पदावर येतो, आणि नेमकं तेव्हाच आपण त्याला उपाशीपोटी बोलावून बोट टोचतो. आपल्याकडे 'शुगर तपासून घ्या' म्हटलं की पेशंट चहासुद्धा न घेता सकाळी सातला लॅबच्या दारात उभा राहतो. ही सवय साध्या मधुमेहात बरी, स्टेरॉइडच्या पेशंटमध्ये तीच दगा देते.

म्हणून माझ्या दवाखान्यात नियम साधा आहे: स्टेरॉइड सकाळी असेल तर शुगर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, नाहीतर रात्रीच्या जेवणाआधी. शेतावर जाणाऱ्या माणसाला दुपारी दोनला या म्हणणं जमत नाही, त्याला संध्याकाळी सहाला बोलावतो. एकच तपासणी परवडणार असेल तर तीही याच वेळेची करतो, आणि उपाशीपोटीची खुशाल सोडून देतो.

त्या १०४ बद्दलही थोडं सांगतो. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे माणूस उंबरठ्यावर उभा आहे. स्टेरॉइडवर असताना, साखर सर्वांत कमी असायच्या वेळी १०४ येत असेल, तर दुपारी ती किती असेल याची शंका यायला हवी. असा आकडा दिसला की मी त्याच दिवशी संध्याकाळी परत बोलावतो.

साखर वाढते कशी, ते पेशंटच्या भाषेत सांगता यायला हवं, कारण 'गोड तर खाल्लं नाही, मग वाढली कशी?' हा प्रश्न येतोच. स्टेरॉइड लिव्हरला जास्त साखर तयार करायला लावतं. स्नायू आणि चरबी इन्सुलिनला दाद देईनाशी होतात. पॅनक्रियातून (स्वादुपिंडातून) निघणारं इन्सुलिनही वाढत्या गरजेला पुरत नाही. भूक वाढते ती वेगळीच. दम्याच्या पेशंटमध्ये श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सालबुटामॉलचा वाफारा आणि छातीतलं इन्फेक्शन हेही साखर वर ढकलतात. ज्यांच्या पॅनक्रियात भरपूर ताकद शिल्लक आहे ते हे सगळं पचवून जातात. ज्यांची ताकद आधीच काठावर आली आहे ते घसरतात.

त्यामुळे काठावरचे कोण, हे स्टेरॉइड लिहिण्याआधीच पाहून घ्या. आईवडिलांना मधुमेह, वाढलेली कंबर, बाळंतपणात वाढलेली शुगर, पूर्वी कधी तरी 'थोडी वाढलीये' असं सांगितलं गेलेलं. ही चौकशी दोन मिनिटांत होते. आठवड्याहून जास्त चालणारं स्टेरॉइड असेल तर पहिल्या दिवशी एचबीए१सी करून ठेवा. ही चाचणी गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते, त्यामुळे आठ-दहा दिवसांत वाढलेली साखर तिच्यात नीट दिसत नाही. पण ६.५ किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह आधीपासूनच होता आणि स्टेरॉइडने तो फक्त उघड केला हे कळतं. तुमच्या पेशंटची ही चाचणी आजही करा. दहा दिवसांत तिच्यात फारसा फरक पडलेला नसेल.

आता एक गोष्ट जी मी प्रत्येक तरुण डॉक्टरला सांगतो. स्टेरॉइड तुम्हीच लिहिलेलं असेल असं नाही. काहीही कारण नसताना कुणाची शुगर अचानक २८०-३०० झाली, किंवा वर्षानुवर्षं ताब्यात असलेला मधुमेह महिन्याभरात बिघडला, तर औषधं वाढवण्याआधी विचारा: गुडघ्यात किंवा खांद्यात इंजेक्शन घेतलंत का? खाज किंवा अंगावरच्या पित्तासाठी बारीक गोळ्या चालू आहेत का? सांधेदुखीवर कुणाकडची पुडी घेता का? जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परस्पर काही आणता का? नुसतं 'स्टेरॉइड घेता का' विचारलं तर उत्तर 'नाही' येतं, कारण घरात कुणी त्याला स्टेरॉइड म्हणत नाही, 'ती दम्याची पांढरी गोळी' म्हणतात. गोळ्यांचं पाकीट पिशवीतून बाहेर काढायला लावा. प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकोर्ट, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही नावं पाकिटावर बारीक अक्षरात छापलेली असतात.

पुडीचं प्रकरण मला फार अस्वस्थ करतं. 'एका दिवसात दुखणं गेलं' अशी ख्याती असलेल्या बिननावाच्या पावडरीत स्टेरॉइड निघाल्याचं अनेकदा उघड झालं आहे. चेहरा गोल, मानेमागे चरबी, पोट सुटलेलं पण हातपाय काटकुळे, कातडी पातळ होऊन जरा लागलं की निळे डाग, असा पेशंट समोर बसला की पुडीबद्दल प्रेमाने विचारा. आणि 'फेकून द्या ती आजच' असं चुकूनही म्हणू नका. तीन आठवड्यांपेक्षा जास्त पोटात गेलेलं स्टेरॉइड एकदम थांबवलं तर शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी झोपलेली असते. उलट्या, बीपी कोसळणं, बेशुद्धी इथपर्यंत मजल जाते. पुडीत किती होतं हे माहीत नसताना नेमक्या मात्रेचं प्रेडनिसोलोन देऊन हळूहळू उतरवावं लागतं, आणि ते फिजिशियनच्या सल्ल्याने करणं चांगलं.

तुमच्या पेशंटच्या गोळ्यांना दहाच दिवस झालेत, पण गोळी परस्पर बंद करायची नाही हे त्यांनाही लागू आहे. शुगर ३४२ आली म्हणून घरचे लोक स्वतःच गोळी बंद करतील. त्यांना स्पष्ट सांगा की दम हा आजचा जिवावरचा धोका आहे, साखर आपण सांभाळू शकतो. मात्र दहा दिवस ४० मिलिग्रॅम खरंच लागत होतं का, हा प्रश्न स्वतःला जरूर विचारा. दम्याच्या अटॅकमध्ये मोठ्या माणसाला बहुतेक वेळा पाच ते सात दिवस पुरतात आणि त्यानंतर उतरती मात्राही लागत नाही. दम बसत नसेल तर पंप ओढण्याची पद्धत, न्यूमोनिया, चुलीचा धूर, हृदय या गोष्टी आधी तपासायला हव्यात. स्टेरॉइडचे दिवस कमी करता आले तर साखरेवर त्यासारखा दुसरा इलाज नाही.

३४२ ला त्या संध्याकाळी काय करायचं? आधी साबणाने हात धुवायला लावून पुन्हा बोट टोचा. हे सांगायला मला संकोच वाटत नाही. एकदा माझ्याकडे एक काका बसस्टँडवर उसाचा रस पिऊन थेट आले होते. ग्लुकोमीटरने ३८९ दाखवले, सिस्टरने हात धुवायला लावले, पुसून कोरडे केले, दुसऱ्या बोटावर १७४. बोटावर रसाचा चिकटा होता. सॅनिटायझरने हा चिकटा जात नाही, पाणीच लागतं.

आकडा खरा ठरला तर पेशंटकडे बघा. शुद्धीवर आहे का, उलट्या होतात का, जीभ कोरडी, नाडी जलद, बीपी खाली आहे का, ऑक्सिजन किती, ताप आहे का. लघवीतली किटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारी आम्लं, दाखवणारी पट्टी असेल तर लावा. ग्लानी, उलट्या, किटोन, शुगर ४०० च्या वर किंवा मशीनवर नुसतं 'हाय', यातलं काहीही असेल तर सलाइन लावून मोठ्या रुग्णालयात पाठवा. वयस्कर माणसात किटोन नसतानाही साखर सहाशेच्या वर जाऊन शरीर सुकतं, आणि तो पेशंट गप्प, झोपाळू दिसतो. 'वयामुळे सुस्तावलेत' म्हणून सोडून देऊ नका.

यातलं काही नसेल आणि माणूस खातोपितोय तर त्या रात्री भरमसाट इन्सुलिन देऊन आकडा खाली ओढायची घाई नको. रात्री स्टेरॉइडचा जोर आपोआप ओसरणार आहे. त्यावर संध्याकाळचं जास्तीचं इन्सुलिन पहाटे तीन-चारला अंगाशी येतं. भरपूर पाणी प्यायला सांगा, गोड बंद करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थित सुरुवात करा.

सकाळी काय द्यायचं हे आकड्यावर ठरतं. ब्रिटनमधल्या मधुमेह संस्थांच्या संयुक्त मार्गदर्शनात लिटरमागे १२ मिलिमोल, म्हणजे आपल्या हिशेबात २१६, ही रेघ धरली आहे. दिवसात दोनदा तिच्यावर गेलं तर औषध सुरू करायचं. मीही साधारण तसंच वागतो, पण स्टेरॉइड किती दिवसांचं आहे हेही पाहतो. पाच दिवसांचाच कोर्स, त्यातले तीन संपलेले, त्रास काही नाही आणि दुपारची २३० आली, तर मी खाणं सांभाळून रोज एक शुगर बघत थांबतो. तीन महिन्यांचा कोर्स असेल तर थांबत नाही.

गोळ्यांचं म्हणाल तर मेटफॉर्मिन हळू काम करतं. लांबच्या कोर्समध्ये, किडनी चांगली असेल तर त्याचा उपयोग आहे, पण ऑक्सिजन कमी असलेल्या, धापा टाकणाऱ्या पेशंटला ते देऊ नका. ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या सौम्य आणि सुरक्षित आहेत. किंचित वाढलेल्या साखरेला त्या पुरतात, साडेतीनशेला नाही. पॅनक्रियातून जास्त इन्सुलिन सोडवणाऱ्या सल्फोनिलयुरिया गटात साधी ग्लिक्लाझाइड ४० मिलिग्रॅम सकाळच्या नाश्त्याबरोबर, म्हणजे स्टेरॉइडच्याच वेळेला देणं मला आवडतं. तुमच्याकडे ग्लिमेपिराइडच असेल तर १ मिलिग्रॅम, तेही सकाळीच. रात्री नको. ती लांब चालते, आणि पहाटे स्टेरॉइडचा आधार नसताना तिचा असर शिल्लक असतो. लघवीतून साखर काढणाऱ्या ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या अशा आजारी, कमी खाणाऱ्या, इन्फेक्शन असलेल्या माणसात मी नव्याने सुरू करत नाही.

३४२ आणि तहान-लघवीची लक्षणं म्हणजे मात्र इन्सुलिनच. त्यातही एनपीएच, ते दुधाळ दिसणारं इन्सुलिन. त्याचा जोर चार ते दहा तासांत शिगेला पोचतो आणि संध्याकाळनंतर उतरतो, अगदी सकाळच्या प्रेडनिसोलोनच्या चालीने. म्हणून गोळी आणि एनपीएच दोन्ही सकाळी एकाच वेळी. हिशेबाचं सूत्र असं आहे: प्रेडनिसोलोनच्या दर १० मिलिग्रॅममागे वजनाच्या किलोला ०.१ युनिट, आणि जास्तीत जास्त ०.४. साठ किलोच्या माणसाला ४० मिलिग्रॅमवर हे २४ युनिट होतात. मी वयस्कर माणसात, किडनी कमजोर असेल तर किंवा घरी शुगर तपासायची सोय नसेल तर १० युनिटपासूनच सुरू करतो. संध्याकाळच्या जेवणाआधीची शुगर पाहून दर एक-दोन दिवसांनी दोन युनिट वाढवतो. तुमच्या गृहस्थांना मी १० दिले असते. संध्याकाळचा आकडा १८० च्या आत आला की पुरे, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसात २०० पर्यंतही मी वाद घालत नाही. केंद्रात फक्त ३०/७० ची, म्हणजे साधं आणि एनपीएच इन्सुलिन मिसळलेली, बाटली असेल तर तीही सकाळी एकदाच, कमी मात्रेत चालते. पण त्यानंतर अर्ध्या तासात पोटभर नाश्ता झालाच पाहिजे.

बाटलीवर ४० (म्हणजे मिलिलिटरला ४० युनिट) लिहिलेलं असेल तर सिरिंजही ४० चीच, लाल टोपीची. केशरी टोपीची १०० ची सिरिंज असते. मेडिकलवाला घाईत ती देतो, आणि तिच्यावरच्या १० रेघा भरल्या की ४० च्या बाटलीतून प्रत्यक्षात चारच युनिट जातात. मग शुगर हलत नाही, आपण मात्रा वाढवत जातो, आणि एक दिवस घरात बरोबर सिरिंज येते, ती वाढवलेली मात्रा पूर्ण अंगात जाते आणि शुगर कोसळते. इन्सुलिन सुरू केलेल्या प्रत्येक पेशंटला बाटली, सिरिंज आणि गोळ्या पिशवीत घालून पुढच्या भेटीला आणायला सांगा. माझ्यासमोर एकदा भरून दाखवा म्हणा. दुधाळ बाटली हलवायची नसते, दोन्ही तळहातांत पंधरा-वीस वेळा फिरवायची असते, हेही तेव्हाच दिसतं.

आता ज्या चुकीने मला आयुष्यभराचा धडा दिला ती सांगतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत सांध्यांच्या आजारासाठी ३० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनवर असलेल्या एका मावशींची शुगर मी इन्सुलिनने छान आणली होती. सांध्यांच्या डॉक्टरांनी ठरल्याप्रमाणे गोळी २० आणि मग १० वर आणली. मी इन्सुलिन तसंच ठेवलं. आकडे चांगले येत होते, मी खूश होतो. एके दिवशी पहाटे मुलाचा फोन आला, आई घामाने चिंब झालीय, ओळखत नाही. साखरेचं पाणी पाजून, मग सलाइनमधून ग्लुकोज देऊन त्या शुद्धीवर आल्या. तो मुलगा जागा नसता तर काय झालं असतं, हा विचार आजही मनातून जात नाही. तेव्हापासून स्टेरॉइडची उतरती मात्रा लिहितानाच त्याच कागदावर, त्याच ओळीत, इन्सुलिनची उतरती मात्रा लिहितो. स्टेरॉइड जितक्या टक्क्यांनी कमी, साधारण तितक्याच टक्क्यांनी इन्सुलिन कमी, आणि बदल केल्यापासून दोन-तीन दिवसांत शुगर. घरच्यांना घाम, थरथर, बरळणं म्हणजे काय आणि तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात कशी द्यायची हे पहिल्याच दिवशी शिकवतो.

वेळेचा हा सगळा हिशेब सकाळच्या एका प्रेडनिसोलोनचा आहे, म्हणून पहिला प्रश्न नेहमी 'गोळी किती वाजता घेता?' हाच. कित्येक जण 'जेवणानंतर' याचा अर्थ रात्रीच्या जेवणानंतर असा घेतात. शक्य असेल तर ती सकाळच्या नाश्त्यानंतर आणा, झोपही सुधारते. दिवसातून दोनदा घेत असतील तर उपाशीपोटीची शुगरही वाढते. डेक्सामेथासोनचं तर चित्रच वेगळं आहे. त्याचा असर दीड-दोन दिवस राहतो, साखर दिवसरात्र वर असते आणि सकाळच्या एका एनपीएचने ती भागत नाही. २०२० च्या जूनमध्ये ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीने ऑक्सिजन लागणाऱ्या कोविडच्या रुग्णांत डेक्सामेथासोनने जीव वाचतात हे दाखवलं. मात्रा होती रोज ६ मिलिग्रॅम, फार तर १० दिवस. हे ६ म्हणजे प्रेडनिसोलोनचे जवळजवळ ४० होतात. ऑक्सिजनची गरजच नसलेल्या लोकांनी घरी बसून ते आठवडेच्या आठवडे घेतलं, शुगर कुणी पाहिली नाही, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने म्युकरचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, जे पेशंट पाहिले त्यामागे हे एक मोठं कारण होतं. आजही स्टेरॉइड आणि वाढलेली साखर असलेल्या माणसाचा एका बाजूचा गाल दुखत असेल, नाकातून काळपट स्राव येत असेल, डोळा सुजला असेल, तर तो त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे गेला पाहिजे.

सांध्यातल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने मधुमेहींची साखर दोन ते पाच दिवस वर राहते. आधी सांगितलं तर ते घाबरत नाहीत. मुदतपूर्व प्रसूतीच्या शक्यतेने मातेला डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं दिली असतील आणि तिला गरोदरपणातला मधुमेह असेल, तर चार-पाच दिवस शुगरवर बारीक नजर ठेवा. चंद्रपूर-गडचिरोलीकडे काम करणाऱ्यांना कुष्ठरोगाच्या रिअ‍ॅक्शनचे पेशंट भेटतात, म्हणजे ज्यांच्या नसांना अचानक सूज येते असे. त्यांचं प्रेडनिसोलोन ४० पासून उतरत बारा आठवडे चालतं. त्यांची नस वाचवायची म्हणून गोळी थांबवता येत नाही, आणि तिथे दर भेटीला संध्याकाळची शुगर हवीच. इनहेलरचं स्टेरॉइड मात्र शुगरच्या भीतीने कुणी बंद करू नका. नेहमीच्या मात्रेत त्याने साखर फारशी हलत नाही, आणि तो पंप बंद केला तरच पुढचा अटॅक आणि पुढची ४० मिलिग्रॅमची गोळी ठरलेली.

खाण्याबद्दल जास्त लिहीत नाही, एकच सांगतो. स्टेरॉइडची भूक दुपारी चारला लागते आणि ती साखरेच्या चहात बुडवलेल्या बिस्किटांनी भागवली जाते, ऐन साखर चढलेली असताना. त्या वेळेला फुटाणे, शेंगदाणे, काकडी, ताक द्या. दुपारच्या ताटातला भात अर्धा करून भाकरी आणि उसळ वाढवा. उपाशी ठेवू नका.

गोळी संपल्यावर बहुतेकांची साखर काही दिवसांत उतरते आणि सगळे विसरतात. तुमच्या गृहस्थांना तसं सोडू नका. स्टेरॉइड थांबल्यावर सहा आठवड्यांनी उपाशीपोटीची शुगर किंवा तीन महिन्यांनी एचबीए१सी करा, आणि ती नॉर्मल आली तरी मग वर्षातून एकदा. मी केसपेपरच्या कोपऱ्यात लाल पेनाने 'स्टेरॉइडवर शुगर वाढली होती' असं तारखेसह लिहून ठेवतो. दमा जाणार नाही, पुढच्या हिवाळ्यात ते परत येतील, कदाचित तेव्हा केंद्रात तुमच्या जागी दुसरा डॉक्टर असेल. ती लाल ओळ वाचून तो पहिल्या दिवसापासूनच संध्याकाळची शुगर बघेल.